घरत सर आणि भीतीचे फॉर्म

कॉलेजात नवा आलेला माणूस मला पहिला प्रश्न विचारतो तो लायब्ररी किती वाजता बंद होते हा. मी बोलत नाही, दारावरच्या पाटीकडे बोट दाखवते. पंचवीस वर्षं लायब्ररी सांभाळली की तोंड वापरायचा कंटाळा येतो. घरत सर मात्र आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि बगलेतल्या फाइलमधून एक कागद काढून म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं आहेत? तुम्हाला भीती कशाची वाटते?"

मी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंचेचाळिशीचा सडपातळ माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं.

"उंदरांची," मी म्हटलं. "आणि ओळख नसताना प्रश्न विचारणाऱ्या माणसांची."

त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. हसले नाहीत. "उंदीर दिसला की भीती वाटते, की नुसता आवाज आला की?"

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी खरंच विचार केला. "आवाज आला की," मी म्हटलं. "दिसला की मी झाडू घेते."

"बघा!" सर एवढे खूश झाले की मलाच लाजल्यासारखं झालं. "म्हणजे उंदीर दाखवायची गरजच नाही." मग माझ्याकडून जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा मागून घेतला, मागची बाजू कोरी असलेला, आणि निघून गेले. पुढची सहा वर्षं त्यांचे सगळे फॉर्म त्या पाठकोऱ्या कागदांवर निघाले. एका बाजूला भूगोलाचे प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला 'सिनेमा अर्ध्यात सोडून कधी उठलात? का?'

आमचं कॉलेज रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला. बारावीनंतरचा दोन वर्षांचा मीडियाचा एक कोर्स तिथे सुरू केला होता आणि तो चालवायला घरत सर एकटेच होते, तेही तासांवर नेमलेले. कोर्स आहे तोवर सर, कोर्स गेला की सरही गेले, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला पहिल्याच वर्षी वाटलं होतं की हे काही टिकत नाही. पंधरा-सोळा मुलं, सही करून घ्यायचा एकुलता एक कॅमेरा, आणि वादळात पत्रे उडाल्यावर नवे घातलेली एक खोली. त्या खोलीत भर दुपारी खिडक्या लावून घेतल्या तरी पडद्यावरचं माणूस पुरुष की बाई ते कळत नसे.

सर पेणकडचे, मिठागरवाल्या आगरी घरातले. मिठागरं गेली, थोरल्या भावांनी डंपर घेतले, वडखळच्या पुढे खडी-रेतीचं यार्ड टाकलं. हे धाकटे सिनेमा करायचा म्हणून भांडून मुंबईला गेले. "यार्डात पाय ठेवणार नाही," असं वडिलांच्या तोंडावर बोलून गेले होते. तिकडे आठ वर्षं याच्या-त्याच्या हाताखाली काढल्यावर स्वतःची एक लहानशी फिल्म केली. ती दाखवली त्या दिवशी सर पहिल्या रांगेत बसले होते, डोळे पडद्यावर. आपलं काम बघताना अगदी रंगून गेले. दिवे लागल्यावर टाळ्यांसाठी मागे वळून बघतात तर मागे सहा माणसं, त्यातला एक झोपलेला.

"बाकीचे कधी उठून गेले, मला पत्ताच नाही," ते सांगायचे. "कुठल्या मिनिटाला उठले तेवढं जरी कळलं असतं ना मॅडम, तरी मी दुसरी फिल्म केली असती."

तेव्हापासून फिल्म चालू असली की सर पडद्याकडे पाठ करून बसायचे. पडद्याच्या कडेला प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर वही, तोंड मुलांकडे. कोण जांभई देतं, कोण मोबाईल काढतं, कुणाची मान पुढे येते, ते मिनिट-सेकंदासकट लिहायचे. सवय अंगात इतकी मुरली होती की मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये कुणी गोष्ट सांगायला लागलं की सर सांगणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्यांकडे बघत. इतिहासाचे सर त्यावरून एकदा चांगलेच चिडले होते. लग्न जमवायला गेले तिथेही यांनी मुलीला विचारलं म्हणे, "तुम्हाला कंटाळा साधारण केव्हा यायला लागतो?" मुलीकडच्यांनी चहा होताच नकार कळवला. हे सरांनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाले, "प्रश्न बरोबर होता. जागा चुकली."

कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला मुलांना एक काम असायचं: थरारपटाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची. पुढचा सिनेमा नाहीच. पण त्या दोन मिनिटांत बघणारा जागेवर खिळला पाहिजे, आणि ती सुरुवात तशीच का केली त्याचा पुरावा जोडला पाहिजे. कुणाला विचारलंत, काय म्हणाले, त्यावरून काय बदललंत. बाकी ठिकाणी मुलं आधी फिल्म करतात आणि पुरावा मागाहून रचतात. सरांकडे फॉर्म भरून आल्याशिवाय कॅमेऱ्याच्या कपाटाची चावी मिळत नसे. "तुम्हाला काय वाटतं ते घरी ठेवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "समोरच्याला विचारलंत का?"

एका वर्षीच्या चार मुलांच्या गटाचं ठरलेलं होतं. किल्ल्याच्या पडक्या भिंती, संध्याकाळ, तोंडाला काळं फडकं बांधलेला माणूस, हातात सुरा. या गटाची म्होरकी नम्रता, बंदरावरच्या हिराबायची थोरली मुलगी. हिराबाय मासळी सुकवून विकायची. नम्रता तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. तिने चार दिवसांत चाळीस फॉर्म आणून सरांच्या टेबलावर आपटले. चाळीसच्या चाळीस लोकांना काळ्या फडक्याची भीती वाटत होती.

सरांनी ते फॉर्म वाचनालयात आणले, माझ्या समोरच्या टेबलावर पसरले आणि वाचायच्या आधी एकेक उचलून नाकाला लावला. मला वाटलं, झालं, माणूस कामातून गेला.

"नम्रता," सर शांतपणे म्हणाले, "यातले अठरा फॉर्म मासळी सुकवणाऱ्या बायकांनी भरलेत ना?"

"हो सर."

"मग एकालाही बोंबलाचा वास कसा नाही?"

वडापावच्या गाडीवर बसून चौघांनी मिळून चाळीस जण उभे केले होते. सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः त्यांना घेऊन बंदरावर गेले. मीही गेले, कारण मला सुकट घ्यायची होती आणि खरं सांगायचं तर मजा बघायची होती. बायका लिहीत नाहीत तेव्हा मुलांनी लिहायचं, आणि त्या बोलतील तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही, आपलं घालायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती.

किल्ल्याचं नाव काढताच हिराबाय पदर तोंडाला लावून हसायला लागली. "किल्ल्यान कसला भ्याव मास्तर? आमच्या शेल्या चरतान तिथं. तुमचा तो सुरेवाला आला तं शेल्याच त्याला ढुशी मारतील."

बाकीच्या बायकाही हसल्या. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "बरं, मग तुम्हाला भीती कशाची वाटते, हिराबाय?"

तिचे हात बोंबील उलटायचे थांबले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "घराला कुलूप हाय. चावी माझ्या कमरंला. घरान कोन नाय. मी बाजारातशी येतंय, कुलूप खोलतंय, नि बघतंय तं टोपान चाय गरम." तिने मान वर केली. "याला भ्याव बोलतान."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. नम्रताने शब्द न शब्द लिहून घेतलं.

मग किल्ला गेला, फडकं गेलं, सुरा गेला. हिराबायच्याच घरात त्यांनी ती दोन मिनिटं केली आणि हिराबायलाच उभं केलं. बाई टोपली उतरवते, कुलूप काढते, आत सगळं जागच्या जागी. देव, पाण्याची कळशी, दोरीवरची पातळं. ती टोपावरची ताटली उचलते आणि वाफ येते. बस, तिथेच संपतं. संगीत नाही की किंचाळी नाही. कच्ची फिल्म तीन वेळा माणसं बसवून दाखवली, तीन वेळा कापली. एकदा म्हाताऱ्यांना, एकदा रिक्षावाल्यांना, एकदा शाळेच्या पोरींना. रिक्षावाले कळशीपाशी मोबाईल काढतात, असं सरांच्या वहीत निघालं, म्हणून कळशी चार सेकंदांनी कमी झाली.

शेवटी कॉलेजच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. मी दारापाशी उभी होते, त्यामुळे मला फिल्मही दिसत होती आणि सरही. ताटली उचलली गेली, वाफ आली, आणि बाकांवरच्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला, तो मला ऐकू आला. सरांनी वहीत काहीच लिहिलं नाही. पेन हातात तसंच होतं. त्या सहा वर्षांत मी त्यांना पुरतं सुखात पाहिलं ते तेवढंच, फार तर पाच सेकंद.

ती फिल्म त्यांनी कॉलेजा-कॉलेजांच्या एका स्पर्धेला पाठवली. महिन्याने परीक्षकांचा एका ओळीचा शेरा आला: 'सुरुवात संथ, थरार जाणवत नाही.' सर तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "परीक्षकांचं वय काय, राहतात कुठे, घरी कुलूप कोण उघडतं, काहीच लिहिलेलं नाही यात," म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. तो कागदही त्यांनी फाइलला लावला.

नम्रता पास झाली. वर्षभर मुंबईच्या खेपा घातल्या, कुठे काही जमलं नाही, आणि मग अलिबागला मोबाईलच्या दुकानात लागली. बाकीच्या तिघांचंही तसंच काहीतरी झालं. सर दर पंधरा दिवसांनी तिला फोन करायचे, नवीन काही करतेस का विचारायचे. पुढेपुढे ती फोन उचलेनाशी झाली.

मग संस्थेला बंदरातल्या मालवाहतुकीचा कोर्स आणायचा होता आणि खोली एकच होती. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, त्यांनी वाटही दाखवली. "घरत, मागणी दाखवा. पुढच्या वर्षी येणाऱ्या तीस मुलांची नावं आणि पालकांच्या सह्या. तीस झाल्या की मी वर भांडतो."

असल्या सह्या कशा गोळा होतात ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक विभागाने कधी ना कधी केलंय. मुलांचे मामेभाऊ, चुलतबहिणी, शेजारपाजार, एका दुपारचं काम. जून उजाडला की कोण आलं आणि कोण नाही, कुणी बघत नाही. मी सरांना तेच म्हटलं. ते म्हणाले, "हो, पण विचारून बघतो ना. काय म्हणतात ते तरी कळेल."

तीन आठवडे ते गावोगाव फिरले. बारावीची मुलं असलेली घरं शोधायची, ओट्यावर बसायचं, विचारायचं, बोलतील तसं लिहायचं. 'मुलाला या कोर्सला पाठवाल का? का?' गठ्ठा रोज माझ्या कपाटात ठेवायला यायचा. हिराबायची धाकटी त्या वर्षी बारावीला होती. सर गेले तेव्हा हिराबाय बाजाराला गेलेली, म्हणून फॉर्म घरी ठेवून आले. तो दोन दिवसांनी नम्रताने मला आणून दिला. सर वर्गात होते, बोलावू का विचारलं तर "नको मॅडम, घाईत हाय," म्हणून निघालीसुद्धा.

मी तो वाचला. वाचायला नको होता. आणि टेबलाच्या खणात टाकून दिला.

मोजणीच्या आदल्या दिवशी मी गठ्ठा काढून पाहिला. 'हो' म्हणणारे एकोणीस होते. मी दार लावून घेतलं आणि अकरा फॉर्म भरले. मी काही नम्रतासारखी कच्ची नव्हते. वेगवेगळी पेनं घेतली, तीन डाव्या हाताने लिहिले, एकावर चहा सांडला, दोन सुकटीच्या पिशवीत रात्रभर ठेवले. अकरा जणांच्या तोंडी अकरा वेगळी कारणं घातली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक पुस्तक इकडचं तिकडे केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर मोजायला बसले. डाव्या हाताला 'हो', उजव्या हाताला 'नाही'. मधूनच एखादा कागद ते समोर तिसऱ्या जागी ठेवत होते. मी कॅटलॉगची कार्डं लावत असल्याचं नाटक करत होते. शेवटी तिसऱ्या ढिगात अकरा झाले.

"मॅडम," सर म्हणाले, "ही अकरा माणसं मला भेटलेली नाहीत."

मी कार्डं लावतच राहिले.

"बाकी प्रत्येकाचा ओटा मला आठवतो. ही कुठे राहतात?"

"कुणाला कळणार आहे, सर?" माझा आवाज चढला. "तीस होतायत. मोजून तीस. तुम्हाला परत यार्डात जायचंय का?"

अकरा फॉर्म त्यांनी नीट जुळवले, दोन घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवले. मग म्हणाले, "हिराबायचा आला नाही अजून?"

"नाही."

"नम्रताचा मेसेज आला होता. तुमच्याकडे दिलाय म्हणाली."

मी खण उघडला. दुसरं काय करणार? अक्षर नम्रताचं होतं, शब्द तिच्या आईचे. सरांनी तो मोठ्याने वाचला, वर्गात वाचायचे तसा, एकेक शब्द सुटा. "'मास्तर लई चांगलं. पन कोर्स नको. एक पोर शिकली, ती दुकानान उभी हाय. दुसरी तरी मार्गाला लागूं दे.'"

वाचून झाल्यावर त्यांनी कागद उजव्या ढिगावर ठेवला. "एक शब्द बदलला नाही तिने," म्हणाले. "स्वतःवरचा होता, तरी नाही बदलला." मग दोरा मागितला, गठ्ठे बांधले आणि एकोणीसचा आकडा स्वतः प्राचार्यांना नेऊन दिला.

जूनमध्ये खोलीवरची पाटी बदलली. सरांना निरोप समारंभ झाला नाही, कारण तासांवरच्या माणसांना तो द्यायची पद्धत नाही. मी शाल आणली होती ती लायब्ररीतच दिली. ते फाइली मागे ठेवून गेले. मालवाहतुकीच्या कोर्सला त्या वर्षी बारा मुलं आली.

त्यानंतर मी घरत सरांची ही गोष्ट येईल त्याला सांगत सुटले. नव्या लागलेल्या शिक्षकांना, बहिणीच्या घरी, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला. आपली नोकरी वाचत असताना अकरा फॉर्म बाजूला काढणारा माणूस मी पाहिलाय, असं सांगायचे. सांगताना मला फार बरं वाटायचं. आपल्या हातून झालेली लबाडीसुद्धा मी त्यात सांगायचे, कारण तिच्यामुळे ते आणखी मोठे दिसायचे.

गेल्या हिवाळ्यात पेणला एका लग्नाला गेले होते. येताना वडखळच्या पुढे मुद्दाम उतरले. यार्ड शोधायला वेळ लागला नाही. वजनकाट्याशेजारी पत्र्याची केबिन होती आणि आत सर पावत्या फाडत बसले होते. शर्टावर धूळ, केस पांढरे झालेले. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. बराच वेळ आम्ही कॉलेजातल्या माणसांबद्दल बोललो. नम्रताचं लग्न ठरल्याचं मी सांगितलं. "हो का?" म्हणाले.

मग मी ते सांगितलं. म्हटलं, "सर, तुमची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. त्या अकरा फॉर्मांची. नवीन पोरं ऐकून गप्प होतात."

काट्यावर एक भरलेला डंपर चढत होता. तो थांबेपर्यंत सर खिडकीतून बघत राहिले.

"घ्यायला पाहिजे होते, मॅडम," ते म्हणाले.

"काय?"

"ते अकरा. घ्यायला पाहिजे होते मी. तीस झाले असते."

बाहेरून भावाने हाक मारली, "मास्तर, पावती कुठंय? गाडी उभी हाय!" सरांनी काट्यावरचं वजन वाचलं, पावती लिहिली, खिडकीतून बाहेर दिली, आणि पुढच्या डंपरला हात केला. चहा आला तो आम्ही प्यायलो. निघताना ते रस्त्यापर्यंत आले, माझ्यासाठी रिक्षा थांबवली.

त्यानंतर दोनतीनदा मी ती गोष्ट सांगायला घेतली. सरांचं ते शेवटचं वाक्य गाळून सांगणं जमेना आणि घालून सांगणं तर त्याहून जमेना. मग सोडून दिलं.